निवडून काढलेल्या पेशी

सिद्धाप्पा गवळ्याच्या घरात चार पिढ्या कुणी डॉक्टरचं ऐकलं नव्हतं आणि चारही पिढ्या पंच्याऐंशीच्या पुढं जगल्या होत्या. त्यामुळे डॉक्टर शबाना मुजावर टेबलापलीकडून पथ्यांची यादी वाचत होत्या तेव्हा तो खिडकीतून बाहेर बघत बसला होता. ऐकायचं काम मुलाचं, रेवणचं. दुखणं त्याचं, तेव्हा यादीही त्याचीच.

"कच्चं दूध घ्यायचं नाही. आयुष्यभर. उकळलेलं हवं तेवढं प्या," मुजावरबाई म्हणाल्या.

आता मात्र सिद्धाप्पाची मान वळली. "म्हंजे, धारोष्ण बी न्हाई?"

"धारोष्ण म्हणजे कच्चंच की, आप्पा."

"अवो पर आमी गवळी हाय. कट्ट्यावर धार काढणारी माणसं. एक घोट तर..."

"एक थेंब नाही. गवळी आहात म्हणूनच तीनदा सांगतेय. खरं म्हणजे हा धंदाच सोडा असं मी रेवणना सांगणार होते."

रेवणची बायको शांभवी वहीत सगळं लिहून घेत होती. 'एक थेंब नाही' या शब्दांखाली तिनं दोन रेघा ओढल्या. सिद्धाप्पाला ते दिसलं आणि उगाचच राग आला. सुनेनं मारलेल्या त्या रेघा आपल्यासाठीच आहेत असं त्याला वाटलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

रेवणचं दुखणं तेविसाव्या वर्षी सुरू झालं होतं. पहाटे धारेला उठायचं तर अंथरुणातून बाहेर यायलाच त्याला अर्धा तास लागायचा. कंबर लाकडासारखी धरलेली. शांभवी दोन्ही हात धरून ओढायची तेव्हा कुठं तो उठून बसायचा. गंमत अशी की दिवसभर राबलं की पाठ सैल व्हायची आणि विसावा घेतला की पुन्हा आखडायची. काम केल्यावर कमी होणारं आणि आराम केल्यावर वाढणारं दुखणं सिद्धाप्पानं जन्मात पाहिलं नव्हतं. तेव्हा त्यानं सरळ अर्थ काढला की पोरगं आळशी आहे. स्वतः सहा फुटी, तरुणपणी लाल मातीत कुस्त्या मारलेला, कान मोडलेला गडी. त्यानं मुलाला तालमीत नेलं, पालथं निजवलं आणि वस्तादाला त्याच्या पाठीवर उभं केलं. रेवण ओरडला नाही. बापासमोर ओरडायची त्या घरात पद्धत नव्हती.

तिशीला येईपर्यंत तो पुढं झुकून चालायला लागला आणि मग शांभवीनं सासऱ्याला न विचारता त्याला मुजावरबाईंकडे नेलं.

बाईंनी समजावलं ते असं. आपल्या रक्तात टी पेशी नावाच्या राखणदार पेशी असतात. त्यांच्या लाखो जाती, आणि एका जातीला शत्रूची एकच खूण ओळखता येते. रेवणच्या एका जातीनं लहानपणीच म्हशीच्या कासेत राहणाऱ्या एका जंतूची खूण पाठ केली होती. जंतू तसा गरीब. गोठ्यात वाढलेल्या प्रत्येकाच्या अंगात तो येऊन जातो आणि कुणाला साधी कणकणसुद्धा येत नाही, कारण राखणदार त्याला दारातच गाठतात. पण रेवणला जन्मतःच एक वारसा मिळाला होता, बी-२७ नावाचं प्रथिन. शरीरातल्या पेशी आपल्या आत काय चाललंय त्याचे बारीक तुकडे अशा प्रथिनांच्या तबकात ठेवून राखणदारांना दाखवत असतात. बी-२७च्या तबकात ठेवला की मणक्याजवळचा, जिथं स्नायूची दोरी हाडाला बांधलेली असते तिथला एक तुकडा हुबेहूब त्या जंतूसारखा दिसायचा. बिचारे राखणदार आपलं कर्तव्य समजून रेवणच्याच पाठीवर तुटून पडायचे. इंटरल्युकिन-१७ नावाचं रसायन सोडून आणखी पेशींना हाका मारायचे. सूज यायची. सूज ओसरली की शरीर डागडुजी करायला घ्यायचं, आणि हाडाची डागडुजी म्हणजे नवं हाड. दोन मणक्यांच्या मध्ये असा हाडाचा पूल होत होत वीसेक वर्षांत अख्खी पाठ एकसंध दांडा होऊन जाते.

"आजवर आम्ही त्या हाका दाबणारी औषधं देत होतो," बाई म्हणाल्या होत्या. "आता त्या एका जातीलाच वेचून बाहेर काढता येतं. तांदळातले खडे निवडतात तसं. म्हणून याला सगळे निवडणीच म्हणतात."

निवडणीला सहा आठवडे लागले. रेवणचं रक्त एका यंत्रातून पुन्हा पुन्हा फिरवलं गेलं, हाडांच्या मगजात दडून बसलेल्या पेशींनाही हुसकून बाहेर आणलं गेलं, आणि ती जात पुन्हा उगवू नये अशी शरीराला शिकवण दिली गेली. आता त्या जंतूला ओळखणारं अंगात कुणी उरलं नव्हतं, म्हणूनच घरी सोडताना ती पथ्यांची यादी. काढलेल्या पेशी फेकून देत नाहीत. कायद्यानं त्या वीस वर्षं गोठवून ठेवाव्या लागतात. "कशाला?" असं शांभवीनं विचारलं होतं, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या की शरीरातून काही काढलं तर ते परत देण्याची सोय असावी.

सातव्या आठवड्यात रेवण पहाटे उठला, कुणी हात न धरता उठला, आणि अंगणात जाऊन ताठ उभा राहिला. अडीच वर्षांच्या लेकीला, नीलाला, त्यानं पहिल्यांदा खांद्यावर घेतलं. सिद्धाप्पा गोठ्याच्या दारातून बघत होता. पोरगं आपल्या कानापर्यंत येतंय हे तो विसरूनच गेला होता. त्याला इतका आनंद झाला की तो जाऊन म्हशींना दुप्पट पेंड घालून आला.

अडचण झाली ती कट्ट्यावर.

कोल्हापुरात दूध कट्टे अजून होते. चौकात म्हशी आणून बांधायच्या, गिऱ्हाईक समोर उभं, त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळ पेला हातात द्यायचा. दूध तपासायला आता हातात मावणारी यंत्रं आली होती, महानगरपालिकेचा माणूस रोज येऊन तपासून जायचा आणि हिरवा दिवा लागला की कागद चिकटवायचा. पण सिद्धाप्पाच्या कट्ट्यावरचं गिऱ्हाईक हिरव्या दिव्याला जुमानत नव्हतं. तिथली रीत जुनी होती. धार काढणाऱ्यानं पहिला पेला सगळ्यांसमोर स्वतः प्यायचा. म्हैस निरोगी आहे, दुधात पाणी नाही, कास धुतलेली आहे, या सगळ्याची हमी त्या एका पेल्यात असायची. सिद्धाप्पाच्या बोटांतली ताकद गेल्यापासून धार रेवणच काढायचा, आणि दुखण्याच्या दिवसांतही त्यानं तो पेला कधी चुकवला नव्हता.

आता रेवण धार काढायचा आणि पेला सिद्धाप्पा प्यायचा. पहिला आठवडा कुणी काही बोललं नाही. मग कुजबुज सुरू झाली. म्हशीखाली बसणारा स्वतः पीत नाही, म्हणजे त्याला काहीतरी ठाऊक असणार. पाणी कुठंतरी मुरतंय. रेवणनं दोघाचौघांना पेशी, जंतू, निवडणी असं समजावून सांगायचा प्रयत्न केला आणि तोच नडला. "म्हंजे तुमच्या म्हशीत जंतू हाय म्हंतोस व्हय?" असं म्हणून ते चौघं पलीकडच्या कट्ट्यावर गेले.

दिवाळीच्या पाडव्याचा दिवस आला. म्हशींची शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळाला मोरपिसं. मिरवणुकीला निघण्याआधी कट्ट्यावर पहिली धार काढायची. एरवी त्या दिवशी उभं राहायला जागा नसायची. त्या दिवशी वीस-बावीस माणसं होती आणि त्यातली निम्मी म्हशी बघायला आलेली. तीस वर्षांचे गिऱ्हाईक निंबाळकर मास्तर नातवाला घेऊन आले होते. भला माणूस. त्यांनी सिद्धाप्पाला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. पण धार काढणारा पीत नाही, तर मी ह्या पोराला कसं पाजू? तूच सांग."

कुणी शिवी दिली असती तर सिद्धाप्पानं हसून सोडली असती. पण मास्तरांचा मऊ आवाज त्याला झोंबला. तो ताडताड म्हशीपाशी गेला. रेवण चंद्रीखाली बसून धार काढत होता. पहिला पेला भरला होता. सिद्धाप्पानं तो उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "घे रं रेवण्या. आपली चंद्री हाय. हिच्या आजीच्या दुधावर वाढलाईस तू."

रेवणनं वर बघितलं. "आप्पा," एवढंच म्हणाला.

"काय हुतंय एका घोटानं? घे म्हंतो ना."

शांभवी घरी होती. ती असती तर तिनं पेला हिसकावून ओतून टाकला असता, चारचौघांत सासऱ्याचा अपमान झाला असता आणि पुढचं काहीच घडलं नसतं. रेवण मात्र बापाच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यानं पेला घेतला, तोंडाला लावला आणि सवयीनं एका दमात रिकामा केला. घोट घ्यायचा होता, पेला गेला. कुणीतरी शिट्टी मारली. मास्तरांनी नातवाला पुढं केलं. बघता बघता रांग लागली आणि सिद्धाप्पाचा ऊर भरून आला. त्या संध्याकाळी तो मिरवणुकीत चंद्रीपुढं नाचलासुद्धा.

एकोणिसाव्या दिवशी रेवणला ताप आला.

ताप उतरेना. चौथ्या दिवशी दवाखान्यात नेलं तेव्हा मुजावरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "कच्चं दूध घेतलंत?"

सिद्धाप्पा पायथ्याशी उभा होता. रेवणनं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "न्हाई बाई."

बोलायची ती वेळ होती. आपला मुलगा आपल्यासाठी खोटं बोललाय आणि आपण ते बोलू दिलंय, हे सिद्धाप्पाला कळत होतं. तरी तो गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताप एकशे पाचवर गेला तेव्हा तो बाईंच्या खोलीत गेला आणि दारातच उभं राहून म्हणाला, "मी पाजलं. पाडव्याला. माझ्या हातानं."

एक दिवस आधी कळलं असतं तर काय झालं असतं, हे बाई बोलल्या नाहीत आणि विचारायची त्याची छाती झाली नाही. शांभवी मागे येऊन उभी होती. तिनं ऐकलं. ती ओरडली नाही, रडली नाही. "मामा," ती म्हणाली, "मी वहीत दोन रेघा मारल्या हुत्या." त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

जंतू तोच होता, गरीब. ज्याच्या अंगात राखणदार आहेत त्याच्यापुढं गरीब. रेवणच्या अंगात दार सताड उघडं होतं. तो रक्तात शिरला, हाडांच्या मगजात शिरला आणि पेशींच्या आत जाऊन बसला. जनावरांच्या कासेत वर्षानुवर्षं औषधाच्या पिचकाऱ्या मारून मारून हा जंतू औषधांना सरावलेला. एकामागून एक तीन औषधं दिली. ताप दोन दिवस उतरायचा आणि परत चढायचा.

दहाव्या दिवशी बाईंनी तिघांनाही बसवलं. म्हणजे रेवण पडलेला होता, बाकीचे बसले.

"एकच गोष्ट उरलीय," त्या म्हणाल्या. "तुमच्या पेशी. गोठवून ठेवलेल्या. त्या परत सोडल्या तर त्यांना हा जंतू पाठ आहे. त्या त्याला शोधून काढतील."

"मग सोडा की!" सिद्धाप्पा म्हणाला.

"आप्पा, त्यांना रेवणची पाठही पाठच आहे. जंतू मारायला त्या हजारपटीनं वाढणार. त्यातल्या निम्म्या मणक्याकडे वळणार. आधी जे वीस वर्षांत झालं असतं ते दोन महिन्यांत होईल."

"दाबायचं औषध हुतं ना, पयलं?" शांभवीनं विचारलं.

"त्यानं मदतीच्या हाका बंद पडतील. मग जंतूशी लढणारही नाहीत. एकच हाक आहे दोन्हीकडे."

"आणि जंतू मेल्यावर परत निवडणी?"

"करू की. लगेच करू. पण यंत्र पेशी वेचतं. झालेलं हाड वेचत नाही."

सिद्धाप्पा उठला आणि त्यानं सदऱ्याची बाही वर सारली. "माझं रगत घ्या. मला बी त्यो जंतू ठाव असणार, जलम गेलाय गोठ्यात. माझे राखणदार सोडा ह्याच्यात."

"ते नाही चालत," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुमच्या पेशींना रेवणचं सगळं शरीरच परकं वाटेल. बापाच्या असल्या तरी."

बाही तशीच वर राहिली. रेवणनं सही करायला हात पुढं केला. तापानं पेन धरवेना, म्हणून शांभवीनं मनगट धरलं. सिद्धाप्पाला कुणी काही विचारलं नाही.

पेशी आल्या त्या मुठीएवढ्या पिशवीत, बर्फाच्या धुरासकट. वीस मिनिटांत पिशवी रिकामी झाली. नवव्या दिवशी ताप गेला तो गेलाच. रेवणनं ज्वारीची पेज मागून घेतली, नीलाशी फोनवर बोलला. सिद्धाप्पानं दवाखान्याच्या बाहेर जाऊन रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "पोरगं वाचलं माझं."

बाराव्या सकाळी रेवणला उठून बसता येईना.

पुढच्या तीन आठवड्यांत सिद्धाप्पानं दर सोमवारी पडद्यावर मुलाचे मणके बघितले. पहिल्या सोमवारी कमरेच्या दोन मणक्यांच्या कडेला पांढरी कणी दिसली. दुसऱ्या सोमवारी कण्या एकमेकींकडे वाकल्या होत्या. तिसऱ्या सोमवारी त्या चिकटल्या होत्या आणि वरच्या मणक्यांवर नव्या कण्या आल्या होत्या. तो रोज येत होता. तेल लावू का, शेकू का, असं विचारत होता. कुणी नको म्हणत नव्हतं, कारण त्यानं काही फरक पडणार नव्हता.

मग एका दुपारी मुजावरबाई खुर्ची ओढून बसल्या. "आता एक ठरवावं लागेल, आणि ते मी ठरवू शकत नाही," त्या म्हणाल्या. "निवडणी परत सुरू केलीय, पण तिला सहा आठवडे लागणार. तोवर हाड थांबणार नाही. पण ते कुठल्या आकारात धरेल ते आपल्या हातात आहे. आम्ही पट्टा बांधतो, त्यात पाठ जशी ठेवू तशी ती कायमची होईल. सरळ ठेवली तर चालता येईल, उताणं झोपता येईल, उंच खुर्चीवर बसता येईल. पण जमिनीवर उकिडवं बसता येणार नाही. वाकलेली ठेवली तर..."

"वाकलेली ठेवा," रेवण म्हणाला. "धार काढायला यील."

"जन्मभर जमिनीकडे बघत चालावं लागेल."

"धारेशिवाय मला काय येतंय, बाई? आणि आप्पांची बोटं चालत न्हाईत आता."

सिद्धाप्पा उशाशी उभा होता. "म्हशी न्हाईत," तो म्हणाला. "परवाच चुलतभावाच्या दावणीला बांधून आलोय. सगळ्या. कट्टाबी त्यालाच दिलाय." मग त्याचा आवाज फुटला. "सरळ ऱ्हा रं लेकरा. माझ्या धारंसाठी वाकू नगंस."

चार पिढ्यांचा कट्टा असा एका वाक्यात संपला. शांभवीनं त्या कबुलीनंतर पहिल्यांदाच सासऱ्याकडे नीट बघितलं.

"सरळ ठेवा," रेवण शेवटी म्हणाला.

"आणि मान?" बाईंनी विचारलं. "मानेचंही तेच आहे. साधारण समोर बघेल अशी ठेवतो आम्ही. म्हणजे माणसांचे चेहरे दिसतात."

रेवणनं विचार केला. "नीला एवढी हाय," तो हातानं दाखवत म्हणाला. "समोर बघणारी मान असली तर ती जवळ आल्यावर दिसंल का?"

"जवळ आली तर नाही. तिला उचलून घ्यावं लागेल."

"मग थोडी खाली ठेवा."

"अहो, मुलगी वाढणार," शांभवी म्हणाली. "हाड वाढणार न्हाई."

"वाढू दे की. मोठी झाली की बसंल खाली. तवा तिला कळंल, बापाची मान वळत न्हाई ते. आता कळणार न्हाई. आता तिला वाटंल, बाबा माझ्याकडं बघत न्हाई."

बाईंनी विरोध केला. पायऱ्या चढताना त्रास होईल, उंच माणसाशी बोलता येणार नाही, असं सगळं सांगितलं. रेवण ऐकून घेत होता आणि शेवटी पुन्हा तेच म्हणत होता. मग शांभवी उठली आणि पलंगासमोर फरशीवर गुडघ्यांवर बसली. "शाळेत जायला लागल्यावर एवढी हुईल," ती म्हणाली. "एवढी धरा." पट्टा बांधणाऱ्या माणसानं पट्टी लावून कोन मोजला. रेवण तिच्याकडे बघत होता आणि ती त्याच्याकडे, आणि दोघंही हसायचा प्रयत्न करत होते. सिद्धाप्पाला ते बघवेना. तो बाहेर जाऊन उभा राहिला.

पाचव्या आठवड्यात मान धरली. पट्टा काढून बघितला तरी ती तशीच राहिली, किंचित खाली बघणारी. डोळे वर केले तर रेवणला समोरच्या माणसाची छाती दिसायची, फार तर हनुवटी.

सिद्धाप्पाच्या एक गोष्ट लक्षात आली आणि तिची त्याला लाज वाटली. त्याला आता मुलाच्या नजरेला नजर द्यावी लागत नव्हती. नुसतं उभं राहिलं की सुटका होती. पाडव्यापासून ज्या नजरेला तो भीत होता ती आता त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. तो सकाळी यायचा, डबा ठेवायचा, पाण्याचा पेला हातात द्यायचा, पाय चेपायला जायचा तोही उशामागून वळसा घालून. बोलायचा तेही डोक्यावरून. असे आठ-दहा दिवस गेले. नीलाला पहिल्यांदा भेटायला आणलं तेव्हा ती पलंगापाशी येऊन थेट बापाच्या तोंडाकडे बघून खिदळली होती, आणि रेवणच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. सिद्धाप्पानं तेही बाजूनंच बघितलं.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी शांभवी औषधं आणायला खाली गेली होती. रेवण खिडकीजवळच्या उंच खुर्चीत बसला होता. सिद्धाप्पा समोर उभा राहून पिशवीत कपडे भरत होता.

"आप्पा," रेवण म्हणाला, "रोज तुमच्या चपला दिसत्यात. तोंड कवा दाखवणार?"

सिद्धाप्पाच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. त्याला वाटलं, काहीतरी काम काढावं आणि बाहेर जावं. दार चार पावलांवर होतं. पण त्यानं टॉवेल खाली ठेवला, खुर्चीचा हात धरला आणि आपलं ते सहा फुटी अंग हळूहळू खाली आणलं. गुडघे करकरले. तो फरशीवर टेकला तेव्हा मुलाचे डोळे बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर आले. इतक्या जवळून त्यानं रेवणला तो तान्हा असताना बघितलं असेल. डोळ्यांखाली काळं झालं होतं. तिशीतल्या पोराच्या कानशिलावर पांढरे केस आले होते.

कित्येक आठवडे मनात घोळवलेली कितीतरी वाक्यं होती. त्यातलं एकच बाहेर आलं.

"माझं चुकलं रं."

आणि मग तो रडायला लागला, मोठ्यानं, तोंड न लपवता. लपवायला जागाच नव्हती.

रेवणची मान ताणली गेली, कानामागची शीर तट्ट फुगली. तो मान हलवायचा प्रयत्न करत होता. होकारासाठी की नकारासाठी, ते कळायला मान हलायला हवी होती. ती हलली नाही. सिद्धाप्पा तसाच गुडघ्यांवर थांबला.